अळू, फुटबॉल आणि मामांचं मिटलेलं तोंड

रविवारी दुपारी मी परसात अळू कापत होते आणि मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडत होते. ते सकाळी भोरहून येऊन मामांना सलाईन लावून गेले होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत तोंडाने काही गेलं नाही, तर परत नाकातून नळी घालावी लागेल. आणि या वयात घरी नळी लागली की ती सहसा निघत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो." माणूस चांगला होता, खोटं काही बोलला नव्हता. राग त्याचाच आला.

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्यात सगळे दिवस नळीवर होते. मग तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, गिळायला येतंय म्हणाले, नळी काढली आणि घरी सोडलं. सोडताना मला समोर बसवून बजावलं: पाणी पातळ देऊ नका, ते चुकीच्या वाटेने जातं. दाट द्या, चमच्याने द्या, ताठ बसवून द्या. आणि माणूस ओरडत, हसत, बोलत असेल तेव्हा घास तोंडात घालायचाच नाही.

एवढं सगळं पाठ करून मी उत्रोलीला घरी आले आणि मामांनी तोंडच उघडलं नाही. चमचा ओठाशी नेला की ओठ घट्ट. पेज नको, खिमट नको, शिरा नको. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हात जोडून म्हणायच्या, "खावा की वो, येवढा येक घास." मामा मान फिरवायचे. आणि मग तो डावा हात उचलायचे आणि समोर बोट करायचे.

समोर टीव्ही होता.

त्या टीव्हीचं सांगायला हवं, पण त्याआधी माझं. माझा स्वभाव तापट आहे, हे मी लपवत नाही. माहेर वेल्ह्याच्या डोंगरातलं. तिथं हाक मारायची तीच मुळी समोरच्या डोंगराला ऐकू जाईल अशी. लग्न होऊन इथं आले तेव्हा आत्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, सासऱ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, पदर पडू द्यायचा नाही आणि ते बसलेल्या खाटेवर टेकायचं नाही. मी पाळलं. धुसफुसत पाळलं, पण पाळलं.

मामांना फुटबॉलचं वेड कसं लागलं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. डिशच्या पॅकेजमध्ये तो चॅनल फुकट आला होता एवढंच आठवतं. भातशेतीत जन्म गेलेला माणूस, त्यांनी आयुष्यात त्या चेंडूला पाय लावला नव्हता. पण एकदा बघायला बसले ते बसलेच. "किरकेटात निम्मी मानसं नुसती हुबी," म्हणायचे. "ह्यात बगा, समदी राबत्यात." गोलकीपरला ते राखणदार म्हणायचे. ऑफसाईड मला कुणी समजावून सांगितलं असेल तर त्यांनी: "बॉल यायच्या आदी बांद वलांडला. मंग कसं चालंल?"

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भाजी निवडत बसायची. तिथून टीव्ही अर्धा दिसतो. मामा खाटेवर, पाठ माझ्याकडे. आमचं सगळं बोलणं टीव्हीशी. ते टीव्हीला विचारायचे, "त्येनं पाय मारला का न्हाई?" मी माठाच्या जुडीला सांगायची, "मारला. मागनं मारला." पुढे पुढे मामा मॅच लागली की आवाज मुद्दाम मोठा करायचे. त्यांना ऐकू चांगलं यायचं, म्हणजे तो आवाज माझ्यासाठी होता. मला त्याचं किती बरं वाटायचं हे मी कुणाला सांगितलं नाही.

बाकी माणूस शिस्तीचा. मॅच कितीही रंगात येवो, जेवायची वेळ झाली की खाली उतरून मांडी घालणार, भाकरीचा तुकडा मोडून त्यावर भाजी ठेवणार, तो गाईचा घास म्हणून ताटाच्या कडेला काढणार. मी तो गोठ्यात देऊन आले की मगच त्यांचा पहिला घास. ते जेवले की आत्या जेवणार, आत्यांच्या पाठोपाठ मी.

आणि त्यांचं दुसरं वेड माझ्या परसाचं. माहेराहून मी अळूचा गड्डा आणला, मोरीचं पाणी जातं तिथं लावला. मग चुका, अंबाडी, शेपू, ओवा, गवती चहा. आत्या म्हणायच्या, "इकत मिळतंय की बाजारात." मामा काही म्हणायचे नाहीत, फक्त येताजाता वाफ्यातलं तण उपटायचे. माझ्या हातचं अळूचं फदफदं असलं की एक भाकरी जास्त खायचे.

तर हा माणूस आता ओठ मिटून बसला होता आणि टीव्हीकडे बोट दाखवत होता. आम्ही टीव्ही लावला. ते बघायचे. चमचा नेला की मानेनेच नाही, परत बोट. आवाज मोठा केला. परत बोट. चॅनल बदलले. मामा चिडायला लागले. शनिवारी त्यांनी डाव्या हाताने वाटीच उडवली. खिमट भिंतीवर गेलं. आत्या रडायला लागल्या आणि रडता रडता माझ्यावर घसरल्या, "असलं पांचट कोन खाईल? म्या खाईना!" मी भिंत पुसली. पण डोकं असं भणभणत होतं की हातातलं फडकं पिळलं ते फाटायचंच बाकी राहिलं.

अजून एक गोष्ट आमच्या घरात शिजत होती. मामा दवाखान्यात, आम्ही सगळे तिकडे, म्हणून ह्यांनी गाय टेम्पोत घालून वन्संकडे, माझ्या नणंदेकडे, वरव्याला पाठवली होती. गाय म्हातारी, मामांच्या हाताखाली वाढलेली. "त्यास्नी आत्ताच सांगायचं न्हाई," आत्यांनी ठरवून टाकलं. "इचार करत बसत्याल. काळजाला लागंल." मला ते पटलं नव्हतं. खोटं मला पचत नाही, मग ते कुणाच्या भल्यासाठी असो. पण तेव्हा भांडायची वेळ नव्हती. परसाचं दार टीव्हीच्या शेजारीच आहे. ते आम्ही डासांचं निमित्त सांगून लावून घेतलं, म्हणजे रिकामा गोठा दिसायला नको.

रविवारी संध्याकाळी मॅच होती. साधीसुधी नाही, हरेल तो घरी जाणार अशी. मी ठरवलं, आज अळू आणि फुटबॉल दोन्ही एकदम. यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं.

अळू हे भित्र्या माणसाचं काम नाही. जरा चुकलं की घशाला खाज सुटते. एरवी कुणाला सुटली तर आम्ही हसतो, गूळ खायला देतो. पण ज्याला गिळायचंच संकट, त्याचा घसा खाजला, सुजला, तर? आत्या म्हणाल्याच, "अळू नगं गं बाई. जिवाशी खेळ हाय." मी ऐकलं नाही. कोवळी पानं तेवढी घेतली. देठ सोलून टाकले. चुका निम्म्याला निम्मा घातला, वर चिंचेचा कोळ. शेंगदाणे नाहीत, डाळ नाही, दाताखाली येईल असं काहीही नाही. दाटपणाला तांदळाच्या कण्या दळून लावल्या. शिजवून शिजवून घोटलं, चाळणीतून गाळलं आणि मेथ्यांची फोडणी दिली, मेथ्या काढून टाकल्या. मग पहिला चमचा मीच खाल्ला आणि चुलीपाशी घशाला हात लावून बसले. कधी नव्हे ती देवाची आठवण झाली. आत्या माझ्याकडे बघत होत्या.

"खाजतंय का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"आत्या, न्हाई म्हनलं ना!"

ह्यांची दुसरी पाळी होती, कंपनीतून फोन आला. "खाल्लं का?" मी म्हटलं, "आत्ता बसतोय." फोन तसाच चालू राहिला, मागे मशीनचा आवाज. मग त्यांनी ठेवला.

मामांना उशा लावून ताठ बसवलं. खाली बसून चमचा तोंडापर्यंत पोचत नाही, म्हणून मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत्यांनी बघितलं आणि नजर वळवली. मॅच सुरू झाली होती. पिवळे आणि निळे. मामांचा जीव नेहमी निळ्यांवर.

वाटी जवळ नेली. वास त्यांच्यापर्यंत गेला असावा, कारण नाकपुड्या हलल्या. डोळे माझ्याकडे वळले आणि ओलावले. मला वाटलं, जिंकलं. चमचा ओठाला लावला.

ओठ घट्ट. आणि बोट समोर.

"लावलाय की मामा टीव्ही. चालू हाय. निळ्यांचीच मॅच हाय."

बोट तसंच. हात खाली येत नव्हता. घशातून काहीतरी आवाज निघत होता, पण शब्द होत नव्हता. आत्या उठून टीव्हीचा आवाज वाढवत गेल्या, इतका की शेजारची बाई डोकावून गेली.

तेवढ्यात निळ्यांनी गोल केला. डावीकडून एकाने बॉल काय सुरेख टाकला, आणि दुसऱ्याने नुसतं डोकं लावलं. मामांच्या तोंडातून "हाँ!" असा आवाज आला. तोंड उघडलं होतं. चमचा माझ्या हातात भरलेला, उघड्या तोंडापासून वीतभर. माझा हात पुढे गेला आणि थांबला. ओरडताना नाही, डॉक्टर म्हणाले होते.

"घाल!" आत्या ओरडल्या. "घाल की गं, उगाडलंय!"

मी नाही घातला. आत्यांनी माझ्या हातातला चमचा हिसकला आणि मामांच्या तोंडात रिकामा केला.

पुढचं मला आजही नीट सांगता येत नाही. मामांना ठसका लागला. आधी खोकला आला, मग खोकलाही येईना. चेहरा लाल झाला, लालचा काळपट झाला. मी वाटी टाकली, त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीत तळहाताने मारत सुटले. सासऱ्यांच्या पाठीत. माझी थाप चांगली जोरात पडत होती, कारण हलक्या हाताने ते होणार नव्हतं. आत्या "अगं आई, अगं आई" करत होत्या. टीव्हीवर पन्नास हजार माणसं नाचत होती. मग एकदाचा घरघर आवाज आला, हिरवा घास खाली चादरीवर पडला आणि मामांनी श्वास ओढला. मग आणखी एक.

तेव्हा माझा आवाज चढला. "मारायचं हाय का त्यास्नी?" मी आत्यांवर ओरडले. मामांच्या समोर, पदर कुठे होता देव जाणे. "सांगितलं हुतं ना तुमाला? किती येळा सांगितलं हुतं?"

आत्या मागे सरकल्या. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि लुगड्याचा बोळा तोंडात धरला. त्या म्हाताऱ्या बाईच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. नवरा जेवल्याशिवाय त्या जेवत नव्हत्या, आणि त्या जेवल्या नाहीत म्हणून मीही. चमचाभर अळू खाल्लं होतं तेवढंच.

मी मामांचं तोंड पुसलं, सदरा बदलला. आता काय करायचं कळत नव्हतं. सकाळी नळी येणार, हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नाही म्हणून मॅच तशीच चालू होती. पिवळ्यांना पेनल्टी मिळाली. राखणदार दोन खांबांच्या मध्ये हात पसरून उभा राहिला. समोरच्याने बॉल ठेवला, चार पावलं मागे गेला.

आणि लाईट गेली.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं ही काही बातमी नाही. पण एकदम जी शांतता झाली तिच्यात मला माझाच श्वास ऐकू आला. बाहेर अजून थोडा उजेड होता. खिडकीतून खोलीत येत होता, माणूस दिसेल इतपत. टीव्ही काळा पडला होता. मी मामांकडे बघितलं.

त्यांचं बोट समोरच होतं.

टीव्ही बंद, चित्र नाही, आवाज नाही, तरी बोट समोर. मी खाटेवर त्यांच्या अगदी जवळ सरकले, माझं डोकं त्यांच्या डोक्याजवळ नेलं आणि त्या बोटाच्या रेषेत बघितलं. ती रेषा टीव्हीवर जात नव्हती. टीव्हीच्या कडेने दारावर जात होती. परसाच्या बंद दारावर.

मग माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आम्ही वाटीतून चमच्याने भरवत होतो, तान्ह्या पोराला भरवतात तसं. त्यांच्या समोर ताट कधी ठेवलंच नव्हतं. आणि ताट नाही म्हणून घास काढलेला नाही. गाय घरात नाही म्हणून आमच्याही ताटातला घास बंद झाला होता, तो कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता. तो माणूस दवाखान्यातून आल्यापासून आम्हाला एवढंच सांगत होता की गाईच्या आधी मी कसं खाऊ? आणि आम्ही चॅनल बदलत होतो.

मी उठले. मामांचं ताट काढलं, त्यात दुपारची भाकरी ठेवली, पातेल्यात राहिलेलं अळू वाढलं आणि ताट त्यांच्या मांडीवर धरलं. मामांनी बोट खाली घेतलं. डावा हात भाकरीवर आणला आणि थबकले. डाव्या हाताने घास काढायचा कसा, हे त्यांच्या मनात आलं असणार. उजव्या हाताकडे बघितलं. तो उशीवर पडून होता. मग डाव्यानेच तुकडा मोडू लागले. भाकरी सरकत होती, मी ती दाबून धरली. तुकडा निघाला, अळूत टेकवला, ताटाच्या कडेला ठेवला. माझ्याकडे बघितलं. जा, असं ते बघणं होतं. रोजचंच.

मी घास उचलला. आत्यांनी अंधारातून मान हलवली, सांगू नको अशी. मी दार उघडून बाहेर गेले.

गोठ्यात कोरडं शेण, गव्हाणीत जुना पेंढा, खुंट्याला नुसतं दावं. घास गव्हाणीत ठेवून परत यायचं एवढंच काम होतं. मामा जेवले असते. नळी टळली असती. आत्यांचं म्हणणं राहिलं असतं. मी किती वेळ तिथं उभी होते कोण जाणे. पण रोज मी घास घेऊन गेले की गाय उठायची, गळ्यातली घंटा वाजायची, आणि ती घंटा ऐकूनच मामा ताटाला हात लावायचे. आत त्या शांततेत ते कान देऊन बसले असणार. मला ते करवेना.

घास तसाच हातात घेऊन मी परत आले. त्यांच्या समोर जमिनीवर बसले.

"मामा, गाय हितं न्हाई. वरव्याला वन्संकडं हाय. तुमी दवाखान्यात, आमी समदी तिकडंच, तिला बगायला कोन न्हवतं. बरी हाय ती. खातिया, पितिया. तुमाला सांगितलं न्हाई, ते आमचं चुकलं."

आत्यांनी "अगं" म्हणून डोळे मिटले.

मामा माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्याची एक बाजू हलत नाही, दुसरीवरून काही कळेना. मला वाटलं, आता ताट उडेल. वाटलं, हा माणूस आता भिंतीकडे तोंड करेल आणि परत कधी वळणार नाही, आणि ते माझ्या खरं बोलण्याच्या खाजेमुळे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी हात पुढे केला, तळहात वर. मी घास त्यावर ठेवला.

त्यांनी तो बघितला. मग आत्यांकडे बघितलं, भिंतीशी बसलेल्या. मग माझ्याकडे. आणि तो डावा हात घासासकट माझ्या तोंडाजवळ आणला.

मला कळलंच नाही. मी मागे सरकले. हात पुढे आला. पदर डोक्यावर नव्हता, तो घ्यायला हात उचलला तर मामांनी मान हलवली, राहू दे. घास माझ्या ओठाला लागला. अळू थंड झालं होतं, चुक्याने आंबट लागत होतं. मी खाल्लं. रडत होते त्यामुळे मलाच ते गिळता येईना, मामा माझ्या गळ्याकडे बघत थांबले होते. मी गिळलं.

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. ओरडायला नाही, कशालाच नाही. नुसतं उघडून वाट बघत बसले.

आत्या कधी उठल्या, त्यांनी ती जुनी रॉकेलची चिमणी कुठून शोधून पेटवली, मला ठाऊक नाही. त्या उजेडात मी अर्धा चमचा अळू मामांच्या जिभेवर ठेवलं. ओठ मिटले. गळ्याची घाटी वर गेली, थांबली आणि खाली आली. आम्ही दोघी खोकल्याची वाट बघत राहिलो. खोकला आला नाही.

मामांनी परत तोंड उघडलं.